खान्देशचा कातळ किती फिरला? लाव्हातल्या चुंबकत्वावरून भूकवचाचं वळण मोजण्याची रीत

धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत गाळाची माती उकरली की खाली बहुतेक ठिकाणी एकच खडक लागतो, बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. निवताना प्रत्येक थराने त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात धरून ठेवली. पुढे जमिनीचा तो तुकडा उभ्या अक्षाभोवती फिरला असेल, तर खडकातली दिशाही तेवढीच फिरली असणार. ती मोजायची, त्या काळी असायला हवी होती त्या दिशेशी ताडायची, आणि फरक निघाला तर तो कशामुळे आला ते शोधायचं. एवढंच हे काम आहे.

खान्देशात हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण नर्मदा आणि तापीचा पट्टा हा भारतीय कवचातला जुना, दुबळा पट्टा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मोठे विभंग, म्हणजे कवचाला गेलेल्या भेगा, आहेत. दोन बाजू एकमेकींना घासत सरकल्या की मधले तुकडे थोडे फिरू शकतात. अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यालगतच्या सिलेट्झ नदीकाठच्या लाव्हात ॲलन कॉक्स यांना १९५७ साली फारच उजवीकडे वळलेली दिशा मिळाली. नंतर कळलं की तो सगळा तुकडाच घड्याळाच्या दिशेने फिरला आहे. जपानचा नैर्ऋत्य भाग जपानचा समुद्र उघडताना घड्याळाच्या दिशेने फिरला, हेही तिथल्या ज्वालामुखी खडकांनीच दाखवलं.

तिथली वळणं मात्र दहादहा, पन्नास-पन्नास अंशांची आहेत. आपल्याकडे वळण सापडलंच तर थोड्या अंशांचं सापडेल, आणि थोड्या अंशांच्या वळणाची नक्कल करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. कललेला थर, पडलेली वीज, बिघडलेलं होकायंत्र, अपुरे नमुने, यांपैकी कोणीही पाच-सात अंशांचं खोटं वळण उभं करू शकतं. म्हणून खालचं जवळजवळ सगळं मार्गदर्शन या नकला एकेक करून बाजूला काढण्याबद्दल आहे.

खडकाला दिशा कशी लक्षात राहते

बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट आणि टायटॅनियम मिसळलेलं मॅग्नेटाइट यांचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर चुंबकत्व धरत नाही. या मर्यादेला क्यूरी तापमान म्हणतात. टायटॅनियम वाढेल तसं ते खाली येतं, तर हेमॅटाइटचं सुमारे ६७५ अंश असतं. लाव्हा याहून बराच तापलेला असतो. तो थिजतो, मग क्यूरी तापमानाखाली उतरतो, आणि कण बाहेरच्या क्षेत्राची दिशा पकडून बसतात. लुई नील यांनी १९४९ साली हे का घडतं आणि कोट्यवधी वर्षं का टिकतं, ते मांडलं. त्यातली कामाची गोष्ट अशी की लहान कण दिशा घट्ट धरतात आणि मोठे कण ती सहज सोडतात. कुठला दगड घ्यायचा हे बरंचसं याच्यावरून ठरतं.

दोन कोन लक्षात ठेवायचे. दिक्पात म्हणजे खडकातली दिशा भौगोलिक उत्तरेपासून आडव्या पातळीत किती वळली आहे, आणि नती म्हणजे ती क्षितिजाखाली किंवा क्षितिजावर किती झुकली आहे. वळण दिक्पातात दिसतं. नती त्या वेळचा अक्षांश सांगते, कारण नतीची स्पर्शज्या (टॅन) अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. धुळ्याच्या २०.९ अंश उत्तर अक्षांशाला आजच्या काळासाठी हे गणित सुमारे ३७ अंश नती देतं.

मैदानात जाण्याआधी: अपेक्षित दिशा

हे काम घरी बसून आधी करावं. पुष्कळ विद्यार्थी ते शेवटी करतात आणि मग आलेल्या आकड्याला शोभेल असा संदर्भ शोधतात.

खान्देशचे थर ज्याचा भाग आहेत त्या दख्खनच्या लाव्हाच्या अनेक अभ्यासांना एकत्र करून १९९१ साली एक सरासरी पुराचुंबकीय ध्रुव, म्हणजे खडकांतल्या दिशांवरून निघणारी त्या काळच्या ध्रुवाची जागा, काढला गेला: ३६.९ अंश उत्तर, २८१.३ अंश पूर्व, विश्वासवर्तुळ (अनिश्चिततेची मर्यादा) २.४ अंश. धुळ्याचं स्थान २०.९ उत्तर, ७४.८ पूर्व धरलं तर गोलीय त्रिकोणमितीने ध्रुवाचं अंतर ११७ अंश येतं, म्हणजे त्या काळी हे ठिकाण २७ अंश दक्षिण अक्षांशावर होतं. तिथून अपेक्षित दिशा निघते. चुंबकीय क्षेत्र आजच्यासारखं, म्हणजे सुलट असेल, तर दिक्पात ३३६.४ आणि नती उणे ४५.६. क्षेत्र उलट, म्हणजे उत्तर-दक्षिण अदलाबदल झालेलं असेल, तर दिक्पात १५६.४ आणि नती अधिक ४५.६. यातली अनिश्चितता दिक्पातात सुमारे २.७ अंश आणि नतीत सुमारे ३ अंश.

दख्खनचा मोठा भाग उलट क्षेत्राच्या काळात साचला. त्या काळाला २९-आर म्हणतात, आणि क्रिटेशस या भूशास्त्रीय काळाची अखेरही त्यातच येते. तेव्हा खान्देशच्या बहुतेक थरांत आग्नेयेकडे आणि खाली झुकलेली दिशा मिळेल, अशी अपेक्षा ठेवावी.

इथे एक घोळ आधीच मिटवायला हवा. ३३६ अंश म्हणजे आजच्या उत्तरेपेक्षा सुमारे २४ अंश डावीकडे. हे सगळ्या भारतीय भूपट्टाचं घड्याळाच्या उलट दिशेने झालेलं वळण आहे. हिंदी महासागर ओलांडून आशियाला येऊन भिडताना भारत उत्तरेकडे सरकला, तसा वळलाही. २७ दक्षिणपासून २१ उत्तर म्हणजे जवळजवळ ४८ अंश, साधारण ५,३०० किलोमीटर. सरासरी काढली तर वर्षाला ८ सेंटिमीटर. हा सगळा प्रवास संदर्भ ध्रुवात आधीच धरलेला असतो. आपण शोधतो ते त्याच्यावरचं, फक्त खान्देशच्या एखाद्या तुकड्याचं जास्तीचं वळण. म्हणून ‘माझ्या खडकाचा दिक्पात ३३६ आला, खान्देश २४ अंश फिरला’ हे वाक्य चूक आहे. फिरला तो सगळा देश.

जागा निवडणं

मला सर्वांत उपयोगी वाटणारी मांडणी जोडीची आहे. तापीच्या दक्षिणेला चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट. तिथे अजिंठ्याच्या डोंगररांगेतले अनेक थर एकावर एक रस्त्याच्या कापात दिसतात. उत्तरेला सातपुड्यातला तोरणमाळचा किंवा तळोदा-धडगाव रस्त्यावरचा चांदसैली घाट. मधे तापीचा गाळ आहे आणि त्याखाली विभंग. दोन्ही बाजूंचे दिक्पात एकमेकांशी ताडले तर संदर्भ ध्रुवाची अनिश्चितता मधून निघून जाते, फक्त दोन्हीकडचे थर साधारण एकाच काळातले असले पाहिजेत. काळ जुळतो की नाही हे थरांच्या रासायनिक घडणीवरून आणि उलट-सुलट क्षेत्राच्या क्रमावरून तपासावं.

दुसरा खजिना म्हणजे डाइक. साक्री, धुळे, नंदुरबारच्या भागात मैदानातून उठलेल्या काळ्या, सरळ, भिंतीसारख्या टेकड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या म्हणजे जुन्या थरांना चिरत वर आलेल्या आणि भेगेतच थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या चिपा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब असे २१० डाइक नोंदले आहेत. त्यांची जाडी ३ ते ६२ मीटर, सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरचा, जवळजवळ सगळे उभे, आणि सरासरी दिशा उत्तरेपासून ८८ अंश, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. हा ८८ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, शेवटी लागेल.

कोणता दगड घ्यावा? विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला, भुसभुशीत खडक सोडून द्या. गरम पाण्याने त्यात नवी खनिजं आलेली असतात आणि नवं चुंबकत्वही. थराच्या गाभ्यातला काळा, कठीण, घट्ट पाषाण घ्या. डाइकमध्ये मधला भरड भाग टाळा. कडेचा बारीक कणांचा भाग घ्या. तो झपाट्याने थंड झालेला असतो, कण लहान असतात आणि दिशा घट्ट धरतात.

डोंगरमाथे टाळा. ही सूचना मी तीनदा लिहिली तरी कमीच. वीज पडते तेव्हा जमिनीतून जाणारा प्रवाह भोवतीच्या खडकाचं चुंबकत्व पुसून आपलं नवं, फार जोरकस आणि कुठल्याही दिशेचं चुंबकत्व बसवतो. मोकळ्या मैदानात उभी डाइकची धार म्हणजे विजेचं आवडतं ठिकाण. तपासणी सोपी आहे. होकायंत्र हातात धरून कातळाच्या कडेने सावकाश चाला. दोन-चार पावलांत काटा भलतीकडे वळत असेल तर तिथून निघा. खदान, रस्त्याचा ताजा काप, नदीपात्रात पाण्याने धुतलेला कातळ, या जागा सुरक्षित. पांझरा आणि बुराईच्या पात्रात पावसाळ्यानंतर उत्तम उघडे कातळ मिळतात. खदानीत मात्र सुरुंगाने सुटलेला दगड घेऊ नका. तो जागचा हललेला असतो. पायाला घट्ट चिकटलेला कातळच हवा.

परवानगीचं थोडक्यात. शेतात शेतमालकाची, गावठाणात ग्रामपंचायतीची, सातपुड्यात वनविभागाची. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत, तिथे लेखी परवानगीशिवाय हात लावू नये. लळिंग, थाळनेर यांसारख्या किल्ल्यांच्या कातळावर छिद्र पाडण्याचा विचारही नको. आणि शेतात यंत्र सुरू केलं की कोणी ना कोणी येऊन विचारणारच, ‘काय भाऊ, सोनं शे का दगडमा?’ पाच मिनिटं बसून नीट सांगा. बहुतेक वेळा त्याच माणसाला पलीकडच्या नाल्यातला चांगला कातळ माहीत असतो.

छिद्र आणि दिशा

पेट्रोलवर चालणारं हाती ड्रिल, हिऱ्याचे कण बसवलेली नळी, २५ मिलिमीटर व्यासाचा गोल नमुना, थंड ठेवण्यासाठी सतत पाणी. हे नेहमीचं साहित्य. पाणी भरपूर लागतं. हिवाळ्यात नाले वाहत असतात तोवर ठीक, मार्चनंतर गाडीत कॅन भरून न्यावे लागतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात हे काम करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम.

एका थरातून किमान आठ नमुने, आणि तेही एकाच ठिकाणी खेटून नाही, तर थराच्या लांबीत काही मीटर पसरून. एखादा मोठा तुकडा वळलेला किंवा सरकलेला असेल तर तो असा उघडा पडतो. छिद्र आठ-दहा सेंटिमीटर खोल जाऊ द्या. वरचे दोन-तीन सेंटिमीटर हवेने खाल्लेले असतात.

नमुना कातळातून सोडवण्याआधी त्याची दिशा नोंदवायची. पितळी किंवा ॲल्युमिनियमची खाच असलेली नळी नमुन्यावर सरकवा, तिच्या माथ्यावरच्या तबकडीने छिद्राचा उतार वाचा, मग छिद्र कोणत्या दिशेला झुकलं आहे ते वाचा. खाचेतून पितळी तारेने नमुन्यावर रेघ ओढा. नमुना बाहेर काढला की त्या रेघेवर बाण काढा, बाहेरच्या टोकाकडे की आतल्या टोकाकडे हे पूर्ण पथकाने एकदाच ठरवून. नंबर दगडावर, पिशवीवर आणि वहीत, तिन्हीकडे.

आता होकायंत्राची गोष्ट. खान्देशात आजचा चुंबकीय दिक्पात एक अंशाहून कमी आहे, त्यामुळे पुष्कळ जण निर्धास्त राहतात. पण बसाल्ट स्वतःच चुंबक आहे. कातळाला टेकवलेलं होकायंत्र काही अंशांनी चुकू शकतं, आणि आपण शोधतोय तेही काही अंशच. म्हणून सूर्य-होकायंत्र वापरा: आडव्या तबकडीच्या मधे उभी काडी, तिची सावली कोणत्या कोनावर पडते ते वाचायचं आणि वेळ लिहायची. तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश दिले की सूर्याची त्या क्षणीची दिशा कोणताही खगोलीय प्रोग्राम देतो, आणि त्यावरून छिद्राची खरी दिशा मिळते.

वेळेबाबत काटेकोर राहा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, धुळे ७४.८ वर. फरक ७.७ अंशांचा, म्हणजे सुमारे ३१ मिनिटांचा. त्यावर सूर्याच्या वार्षिक चालीतला फरक. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य इथे १२:१५ च्या सुमारास दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४५ च्या सुमारास. हिशेब प्रोग्राम करतो, पण आकडे साधारण जुळतात का हे तुम्हाला नजरेने कळलं पाहिजे. हिवाळ्यातल्या दुपारी चार मिनिटांची चूक जवळजवळ दीड अंशाची चूक करते. मोबाईलची वेळ लिहा, मनगटावरच्या घड्याळाची नको. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला तर सूर्य आपल्या अगदी डोक्यावरून जातो. त्या दिवशी भरदुपारी सावलीच पडत नाही, म्हणजे मोजायला काही उरतच नाही.

ढग असतील तर साधं होकायंत्र कातळापासून दीडदोन मीटर दूर धरून दूरच्या ओळखीच्या खुणेवर नेम लावा आणि कोन त्यावरून काढा. वेळ जातो, पण उपाय चालतो.

प्रयोगशाळेत: वरचे थर सोलणं

नवी मुंबईतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था इथे पुराचुंबकत्वाच्या प्रयोगशाळा आहेत. विद्यापीठाच्या विभागामार्फत आधी पत्रव्यवहार करून वेळ मागावी.

नमुन्याचे २२ मिलिमीटर लांबीचे तुकडे कापले जातात. पहिल्या मोजणीत येणारी दिशा ही बेरीज असते: मूळची जुनी, आणि तिच्यावर आजच्या क्षेत्राने चढवलेली. आजचं क्षेत्र उत्तरेकडे आणि खाली, उलट काळातलं मूळ चुंबकत्व आग्नेयेकडे आणि खाली. दोन्ही खालीच झुकलेली असल्यामुळे बेरजेची नती फुगते आणि दिक्पात कुठल्याकुठे जातो.

ही बेरीज सोडवण्यासाठी नमुना टप्प्याटप्प्याने पुसतात. तापवून: १००, २००, ३०० अंश असं चढत ५८० पर्यंत, प्रत्येक वेळी क्षेत्रशून्य जागेत थंड करून पुन्हा मोजायचं. किंवा उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात: ५, १०, २० असं चढत १०० मिलिटेस्लापर्यंत. प्रत्येक थरातले दोन नमुने दोन्ही रीतींनी आधी करून पाहावेत आणि मग बाकीच्यांची रीत ठरवावी. विजेने बाधलेला खडक क्षेत्राच्या रीतीत लवकर उघडा पडतो. हेमॅटाइट असेल तर तापवण्याला पर्याय नाही.

प्रत्येक टप्प्याचे बिंदू झायडरवेल्ड आलेखावर मांडतात. सुरुवातीचे बिंदू इकडेतिकडे वळतात, साधारण २००-२५० अंशांपर्यंत आजच्या क्षेत्राचा चढलेला भाग निघून जातो, आणि मग बिंदू एका सरळ रेषेत मूळबिंदूकडे चालू लागतात. ती रेषा म्हणजे आपल्याला हवी असलेली दिशा. किर्शविंक यांच्या १९८० च्या पद्धतीने रेषा बसवली की तिच्या सरळपणाचा कोनही मिळतो. तो ५ अंशांच्या आत असावा असा माझा आग्रह असतो. पंधरा अंशांवालेही लेखांत छापून येतात, पण इतक्या बारीक वळणाच्या शोधात त्यांना जागा नाही.

ही दिशा खरोखर थिजतानाची आहे का, याची कसोटी डाइकजवळ होते. डाइकने भाजलेला शेजारचा थर डाइकचीच दिशा दाखवेल, आणि दूरचा न भाजलेला थर आपली वेगळी, जुनी दिशा दाखवेल. पण खान्देशात अडचण अशी की डाइक उलट आणि थरही उलट, दोघांची दिशा जवळजवळ सारखीच निघण्याचा संभव मोठा. मग कसोटी ना पास ना नापास. डाइक आणि थर परस्परविरुद्ध क्षेत्राचे असतील अशी जागा मिळाली तर ती सोडू नका, तिथे दुप्पट नमुने घ्या.

कल: सर्वांत मोठा बहुरूपी

थर थिजल्यानंतर कलला असेल तर त्यातली दिशाही कलते. दख्खनचे थर बहुतेक आडवे, पण सातपुड्याच्या पायथ्याला, विभंगांजवळ, कल वाढतो. समजा थर फक्त ५ अंश कलला, आणि ज्या अक्षाभोवती कलला तो अक्ष आपल्या चुंबकीय दिक्पाताला समांतर आहे. नती ४५ अंशांच्या आसपास असल्यामुळे दिक्पातही जवळजवळ ५ अंशांनी वळतो. वळण शून्य, आणि आकडा ५.

म्हणून कल काढून टाकावा लागतो, आणि त्यासाठी तो नीट मोजावा लागतो. लहानशा कातळावर होकायंत्र टेकवून काढलेला कल इथे कुचकामाचा आहे, कारण दोरखंडी लाव्हाचा पृष्ठभाग मुळातच वर-खाली, फुगलेला-दबलेला असतो. त्याऐवजी दोन थरांमधला लाल मातीचा पट्टा शोधा आणि तो एक-दोन किलोमीटर मागोवा घेत जा. तीन-चार ठिकाणी त्याची उंची अचूक जीपीएसने किंवा लेव्हलने घ्या. त्या बिंदूंवरून निघालेला कलच वापरा.

डाइकच्या बाबतीत जास्त सावधगिरी. उभा डाइक उभा दिसतो म्हणून कललेला नाही असं म्हणता येत नाही. पूर्व-पश्चिम डाइक स्वतःच्या पातळीतच कलला, म्हणजे एक टोक वर आणि दुसरं खाली गेलं, तर तो उभाच दिसेल आणि चुंबकीय दिशा मात्र बदललेली असेल. उपाय एकच. ज्या थरांना तो चिरतो त्यांचा कल मोजा.

किती थर पुरतील?

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शतकाशतकाने डोलत असतं. एक थर म्हणजे त्या डोलण्यातला एक क्षण. दहा-वीस अंशांचा फरक एकट्या थरात असणं अगदी साधारण आहे. एका थरातले शंभर नमुने घेतले तरी ते त्याच क्षणाची शंभर मोजमापं होतात. सरासरीला हवे असतात वेगवेगळ्या वेळी थिजलेले थर.

फिशर यांच्या १९५३ च्या संख्याशास्त्राने याचा अंदाज आधीच बांधता येतो. विश्वासशंकू म्हणजे खरी सरासरी दिशा ज्याच्या आत असण्याची ९५ टक्के खात्री असते तो शंकू, आणि घट्टपणाचा अंक म्हणजे दिशा एकमेकींशी किती जुळतात त्याचं माप. विश्वासशंकूचा कोन साधारणपणे १४० ला थरांची संख्या आणि घट्टपणाचा अंक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागलं की मिळतो. लाव्हात थराथरांमधला घट्टपणा ३० धरा. दहा थर घेतले तर शंकू ८ अंशांचा, सव्वीस थर घेतले तर ५ अंशांचा. आठवरून पाचवर यायला अडीचपट काम.

त्यात आणखी मेख अशी की दख्खनचा लाव्हा उसळ्या घेत आला. एकापाठोपाठ एक थिजलेले पाच थर एकच दिशा दाखवत असतील, तर ते पाच नव्हेत, एक आहेत. त्यांची आधी एक सरासरी घ्या आणि एकच मत द्या. यामुळे थरांची संख्या निम्म्यावर आली तरी चालेल. फुगवलेली संख्या शंकू खोटा अरुंद करते आणि मग कुठलंही वळण खरं वाटू लागतं.

उलट आणि सुलट असे दोन्ही गट मिळाले तर एक गट १८० अंशांनी फिरवून दुसऱ्यावर बसतो का पाहा. बसला नाही, तर आजच्या क्षेत्राचा चढलेला भाग पुरता गेलेला नाही, प्रयोगशाळेत परत जा.

वजाबाकी

आता कल्पित आकडे घेऊ. सव्वीस थरांची सरासरी: दिक्पात १६४, नती अधिक ४३, शंकू ५ अंश. अपेक्षित दिक्पात १५६.४. वळण १६४ वजा १५६.४ म्हणजे ७.६ अंश, अधिक म्हणजे घड्याळाच्या दिशेने.

अनिश्चितता अशी काढा. शंकूच्या ज्येला (साइन) नतीच्या कोज्येने (कोसाइन) भागा आणि उलट ज्या (साइन इन्व्हर्स) घ्या: मोजलेल्या दिक्पाताची अनिश्चितता ६.८ अंश. संदर्भाची २.७. दोघांच्या वर्गांची बेरीज, वर्गमूळ, आणि ०.८ ने गुणा: ५.९. उत्तर ७.६ अधिक-उणे ५.९. वळण आहे, पण जेमतेम.

हाच दिक्पात फक्त दहा थरांतून आला असता तर शंकू ८ अंशांचा, आणि उत्तर ७.६ अधिक-उणे ९. म्हणजे शून्यापासून वेगळं करता येत नाही.

नतीचाही फरक पाहा: ४५.६ वजा ४३ म्हणजे २.६, अधिक-उणे ४.७. शून्याशी सुसंगत, म्हणजे मोठा कल सुटून गेल्याची खूण नाही. नतीत मोठा फरक दिसला असता तर दिक्पातातलं वळण कितीही आकर्षक असलं तरी मी आधी कलाच्या वहीकडे गेलो असतो.

आता तो ८८ चा आकडा. तुमचा तुकडा खरोखर ७.६ अंश फिरला असेल, तर त्यातले जुने डाइकही तेवढेच फिरलेले असायला हवेत. म्हणजे त्या तुकड्यात डाइकची सरासरी दिशा ८८ ऐवजी ९५-९६ च्या आसपास दिसावी. उपग्रहाच्या चित्रांवरून हे एका दुपारी मोजता येतं. खडकात ना ड्रिल घालायचं, ना काही. दोन्ही वळणं जुळली तर तुमच्या निष्कर्षाला चुंबकत्वाबाहेरचा साक्षीदार मिळाला. डाइक ८८ वरच राहिले तर दोन शक्यता उरतात: वळण डाइक येण्याआधीचं आहे, किंवा ते वळणच नाही. डाइकच्या कडेचे नमुने थरांपासून वेगळे ठेवून त्यांची स्वतंत्र सरासरी काढली की या दोघांतला निवाडा होतो. अर्थात डाइकच्या दिशा मुळातच थोड्या विखुरलेल्या असतात, म्हणून दोन-चार डाइकवर भिस्त ठेवू नये. तुकड्यात निदान पंधरा-वीस तरी हवेत.

लेख लिहिताना प्रत्येक थराचं स्थान, नमुन्यांची संख्या, कल काढण्यापूर्वीची आणि नंतरची दिशा, शंकू आणि घट्टपणा, हे सगळं तक्त्यात द्या. सूर्य-होकायंत्राने वाचलेले आणि साध्या होकायंत्राने वाचलेले नमुने वेगळे दाखवा. टाकून दिलेले थरही कारणासकट द्या, कारण पुढे कोणी त्याच खदानीत गेलं तर वीज पडलेला कोपरा कोणता ते त्याला कळेल. आणि प्रत्येक थरातला एक-दोन न मोजलेला नमुना बाण आणि नंबरासह विभागात जपून ठेवा. त्या जागेवर उद्या क्रशर बसला तर तेवढाच दगड शिल्लक राहील.